हळर्णला आपली किती घरं?

चहा घ्या आधी. मग सांगतो, पेडण्यातला हा हळर्णकर जुन्या गोव्यात जाऊन तासाभरात ज्यू कसा झाला ते! हसा खुशाल. मला मात्र अजून नीट हसता आलेलं नाही.

झालं काय, पणजीहून मुलीचा फोन आला. "बाबा, रविवारी जुन्या गोव्यात ज्यू लोकांचा इतिहास दाखवणारी फेरी आहे. मी नाव घातलंय, पण ड्युटी लागली. तुम्ही जा."

मला ज्यूंचं कितीसं ठाऊक? तरी गेलो. तिथे गाईड म्हणून एक चुणचुणीत मुलगी आणि रायगडहून आलेलं एक मोठं कुटुंब. मराठी बोलणारं! मला वाटलं, आपल्यासारखेच हौशी.

त्यांच्यातले वडीलधारे नागावकरमामा काठी टेकत माझ्याशेजारी आले. "आपलं नाव?"

"हळर्णकर. गाव हळर्ण, पेडणे."

"वा! आमच्यासारखंच, गावावरून आडनाव! हळर्णला आपली किती घरं?"

आता 'आपली' म्हणजे कोणाची, हे विचारायची अक्कल नको? मी छाती फुगवून म्हटलं, "किती काय? अर्धा गाव आपलाच!"

"अर्धा गाव!" मामांनी माझा हात घट्ट धरला. "आणि आम्हाला पत्ताच नाही!"

पुढे गाईड सांगत होती, पोर्तुगीजांच्या राज्यात बाटवलेले ज्यू चोरून शनिवार पाळायचे, त्या दिवशी चूल पेटवायचे नाहीत. शनिवारी घरातून धूर निघाला नाही तरी शेजारी चुगली करायचे.

मामा कुजबुजले, "तुम्ही शनिवार पाळता?"

"कडक! शनिवारी घरात तेल येत नाही."

"तेल? घाणा होता की काय?"

"आजोबांचा. शनिवारी बंद!"

"माझ्या आजोबांचाही!" मामांचे डोळे भरले. घाण्यासाठी कोणी रडतं? मला काय माहीत, कोकणातल्या ज्यूंचा धंदाच तेलाचा, आणि शनिवारी घाणा बंद म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे!

एका मोकळ्या जागेपाशी गाईड थांबली. "इथे इन्क्विझिशनचा वाडा होता. माणसांना धर्मावरून कोंडायचे." आता तिथे नुसतं गवत.

मामांनी मला एक इवलीशी गोल टोपी दिली. म्हणाले, "बायको गेली माझी. तिला ही जागा बघायची होती. मयताच्या प्रार्थनेला आम्हा ज्यूंत दहा पुरुष लागतात. गावात आता तेवढे उरले नाहीत, पोरं इस्रायलला गेली. इथे कसेबसे दहा गोळा केले, तर भाचा हॉटेलात तापाने पडला. तुम्ही उभे राहाल?"

माझ्या सायबा! मयताला खांदा द्यायला कोणी जात विचारतं का? मी टोपी घालून उभा राहिलो.

मामांनी प्रार्थना धरली. मध्येच त्यांचा आवाज फुटला. मी आपले ओठ हलवत होतो. 'आमेन' मात्र खणखणीत म्हटलं, शेजारच्या किरिस्तांवांच्या मयतांना चर्चमध्ये जाऊन ते आम्हाला पाठच.

संपल्यावर माझा ऊर भरून आला. "मामा, आता थेट हळर्णला चला! मारुतीच्या देवळात उतरायची सोय करतो!"

"मारुती?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"शनिवार... मारुतीचा?" मामांनी विचारलं.

"होय."

"आणि अर्धा गाव?"

"सगळे हळर्णकर. मारुतीवालेच."

मामा तिथल्या दगडावर बसले. त्यांचे भाऊ हळूच म्हणाले, "दहावा ज्यू नव्हता. ही प्रार्थना धरली जायची नाही." कोणी शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं हो! मी टोपी काढून मामांच्या हातात दिली.

"चुकलं माझं. मला वाटलं, कोणीही माणूस चालतो."

"तुमचं काय चुकलं? मलाच अर्धा गाव हवा होता. म्हणून ऐकत गेलो."

मामांनी टोपी खिशात ठेवली. मग मामांनीच विचारलं, "ओठ हलवत होता ना तुम्ही? काय म्हणत होता?"

खोटं बोलवेना. "सतराचा पाढा, मामा. गप्प उभा दिसू नये म्हणून."

मामा माझ्याकडे बघतच राहिले. "बायको माझी गणिताची बाई होती. सतरा नवे?"

"एकशे त्रेसष्ट!"

"त्रेपन्न." मामांनी डोळे पुसले. "ती असती तर सबंध पाढा परत म्हणायला लावला असता."

मी हात बांधून उभा राहिलो आणि एकपासून सुरुवात केली. मोठ्याने. मामा मान हलवत ऐकत होते.

आणि सांगू? नवावर पुन्हा अडलो!