खिशातली कवळी

दादांनी भाकरी दुधात कुस्करून खायला सुरुवात केली तेव्हाच मला संशय आला. माझे वडील, निवृत्त शिक्षक, म्हणजे तिखटाशिवाय जेवण न मानणारा माणूस. कवळी लावूनसुद्धा शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी खायचे. आता चहासुद्धा गार करून मागायला लागले. शेवटी शाळेतल्या पोरांना दटावते तसं मी त्यांना दटावलं, "दादा, कवळी काढा. आ करा."

टाळू लालभडक झाली होती आणि तिच्यावर पांढरे डाग होते. दादांनी जन्मभर तंबाखू खाल्ली होती. कॅन्सर हा शब्द आम्ही दोघांनीही उच्चारला नाही. जिंतूरहून परभणीला जाताना एसटीत दादा बाहेरच्या कापसाबद्दल बोलत राहिले आणि मी नुसती मान हलवत राहिले.

दातांच्या डॉक्टरांनी कापसाचा बोळा फिरवला तसा डाग निघून आला. "बुरशी आहे," ते म्हणाले. मी तिथंच रडले.

"गुरुजी, रात्री कवळी काढून ठेवता ना?"

दादांनी डोक्यावरची टोपी सारखी केली.

"औषधानं आता जाईल. पण कवळी रात्रंदिवस तोंडात राहिली तर परत येईल, आणि घशात उतरली तर घास गिळणं मुश्कील होईल. शिवाय घरी विरजलेलं ताजं दही रोज खात जा. त्यातले चांगले जंतू बुरशीला जागा देत नाहीत, असं म्हणतात. पण नुसत्या दह्यावर भिस्त ठेवू नका."

औषधानं डाग गेले आणि दादांनी पुढे नेमकी दह्यावरच भिस्त ठेवली. मी रोज विरजण लावायची, ते वाटीभर दही तोंडात घोळवून घोळवून खायचे. कवळी मात्र निघेना. मी झोपायच्या वेळी पाण्याची वाटी पुढे करायची, की ते भिंतीकडे तोंड फिरवायचे. व्हायचं तेच झालं. डाग परत आले, आणि आता पाण्याच्या घोटालाही दादा डोळे मिटून घ्यायला लागले. अंगावरचा सदरा लोंबायला लागला.

माझा पारा चढला. "पोरांना शिकवायला अक्कल होती, सोताच्या तोंडापुरती न्हाई का? उपाशी मरायचंय का तुमाला?"

ते भिंतीकडून माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "गावात जाळपोळ झाली तवा तू सासरी व्हतीस."

नामांतराच्या दंगलीत आमचं घर जळालं, आईदादा ज्वारीच्या पिकात लपले, एवढं मला ठाऊक होतं. पुढचं ठाऊक नव्हतं.

"कवळी फडताळात वाटीत ऱ्हायली. घराबरं गेली. सकाळी ठाण्यात फिर्याद द्यायला गेलो. सगळ्या वस्तीच्या वतीनं मीच बोलणार, शिकलेला मीच. तोंड उघडलं तर नुसती हवा. हवालदार हसाया लागला. म्हणला, आधी दात लावून ये, मंग बोल." दादांनी बोटानं कवळी चाचपली. "नवी कवळी केली तवापासून रातीला काढली न्हाई. परत पळायची येळ आली तर?"

मला त्या हवालदाराचा भयंकर राग आला. पण चिडून दादांचं तोंड बरं होणार नव्हतं. मी फिरकीच्या झाकणाची एक छोटी डबी आणली. त्यांच्या बंडीला आतून खिसा शिवला, वर गुंडी लावली. डबीत पाणी, पाण्यात कवळी, डबी खिशात.

दादांनी डबी हलवून पाहिली, उलटी करून पाहिली. मग पाठ फिरवून कवळी काढली. दही चालूच होतं, औषध परत सुरू केलं. डाग गेले ते पुन्हा आले नाहीत, आणि चटणी पुन्हा ताटात आली.

पुढे एकदाचं विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. दादा दिवसभर वस्तीत घोषणा देऊन घसा बसवून आले. दही खाल्लं, कवळी डबीत ठेवली आणि नेहमीसारखा खिसा उघडला.

मी म्हणाले, "दादा, आता तरी ठेवा की फडताळावर."

त्यांनी गुंडी लावली. बोळक्या तोंडानं म्हणाले, "ऱ्हाऊ दे. हितंच बरी हाय."

मला शब्द न् शब्द कळला. त्या हवालदाराला काय अवघड होतं?