दहा किलोंच्या आत

दिवाळी सरली की आमच्या घरी सामान बांधायला घ्यायचे. माय आणि बा ऊसतोडीला निघायचे आणि मी शाळेपायी मागं, मामाच्या घरी. तवा, काटवट, पीठ, गोधड्या, कोयते असा सहा महिन्यांचा संसार माय एका बैलगाडीत बसवायची. वाटेत एक डबा खडखडेल तर शपथ!

पण त्या साली पावसानं तोंडच दाखवलं नाही. उभा ऊस वाळला, सहकारी कारखान्याचं धुराडं पेटलंच नाही आणि दोघंही घरी बसले. सामान बांधायचं निघालं ते माझं. मी तेव्हा माजलगावला कॉलेजात जात होते आणि धारूरकडच्या डोंगरात मुलींचं तीन दिवसांचं शिबिर ठरलं होतं. डोंगर चढायचा, तंबूत राहायचं. सरांनी प्रत्येकीला पाठीवरची एक सॅक दिली आणि बजावलं, डोंगरावरचं पाणी आटलंय, पाच लिटर पाणी जिचं तिनं न्यायचं. पाण्यासकट सॅक दहा किलोंच्या आत पाहिजे, वर गेली तर ती मुलगी मागं. प्राचार्यांचाही एक हुकूम होता, सोबत बाईमाणूस असल्याशिवाय मुलींची गाडी हलणार नाही. पण कॉलेजच्या बाई येणारच होत्या, त्याची काळजी कुणाला?

मला जायचं होतं. लई जायचं होतं. आजवर मी फक्त जाणाऱ्यांकडं बघत उभी राहिले होते, एकदा तरी आपण जाणारं व्हावं एवढीच हौस.

मायला मात्र काही केल्या उमगेना. "पालात ऱ्हायाला जायचं? मौज म्हणून? अगं, आमी जन्मभर दुसरं काय केलं?"

"माय, ते येगळं हाय."

"काय येगळं? तिथं बी थंडीच वाजती ना?" असं म्हणत तिनं सॅक पुढ्यात ओढली आणि मला हातसुद्धा लावू दिला नाही. मीही चिडून ओट्यावर जाऊन बसले. म्हटलं, भर तुला काय भरायचं ते!

दुसऱ्या दिवशी सकाळी माजलगावात सोसायटीच्या गोदामापुढं सगळ्या जमलो, कारण मोठा काटा तिथंच. खताच्या गोण्या मोजायच्या त्या काट्यावर आमच्या सॅका. सरांनी माझी ठेवली आणि काटा गेला एकोणीसवर! सर म्हणाले, "उघड." आतून तवा निघाला. चार शेर पीठ निघालं. कोयत्याची जखम बांधायच्या चिंध्या निघाल्या आणि शेवटी फडक्यात गुंडाळलेला खुद्द कोयता निघाला.

"हा कुणाला मारायला?" सरांनी विचारलं.

मुली खो खो हसल्या. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. एसटीनं मला पोचवायला आलेले माय-बा तिथंच उभे होते. कुठं झक मारली आणि यांना आणलं, असं मनात आलं, खोटं कशाला बोलू! माय मात्र बेधडक पुढं आली. "सरपण काय दातानं तोडणार व्हय गुर्जी?"

सर चांगले होते. हसू दाबत म्हणाले, "मावशी, सगळ्यांचा स्वयंपाक आम्हीच करणार आहोत. नऊ किलो काढा, नाहीतर हिला नेता येणार नाही."

मायनं बसकण मारली आणि एकेक वस्तू काढायला लागली. गोधडीपाशी तिचा हात अडला. बाजूच्या मुलीची सॅकही तेरा किलो भरली होती, ती रडायला आली होती. मायनं तिच्या सॅकेत डोकावलं आणि गडीच बदलला! "हे स्टीलचं ताट कावून घेतलंस गं? भाकरीवर कोरड्यास घ्यायचं, ताट बी खायाचं. आन् ही साबणाची वडी? आंगुळीला पाणी कुठंय? दोघी शेजारी निजा, एकच गोधडी घ्या. अंगाची ऊब फुकट असती." मग जड ते पाठीशी, हलकं बाहेरच्या अंगाला, असं तिनं भराभरा बसवलं. "न्हाईतर वझं मागं वडतंय," म्हणाली. दोघींच्याही सॅकांना काटा साडेनऊच्या वर गेला नाही.

मग काय, मुलींनी रांगच लावली. आरसे, पावडरी, तीन-तीन ड्रेस, एकीची तर इस्त्री, सगळं मायनं बाहेर काढून गोदामाच्या पायरीवर मांडलं. ती सगळ्यांना दटावत होती आणि मुली आनंदानं ऐकून घेत होत्या. मघाची माझी लाज कुठल्या कुठं पळाली. मी ज्याला त्याला सांगत सुटले, "माझी माय हाय ती!"

आणि तेवढ्यात निरोप आला. कॉलेजच्या बाईंची सासू न्हाणीत पाय घसरून पडली होती, बाई येणार नव्हत्या.

सर कपाळाला हात लावून बसले. दुसऱ्या दोन बाईंच्या घरी माणूस पाठवून बघितला, दोघी गावाला गेलेल्या. मला रडू कोसळलं. एवढं सगळं दहा किलोंत बसवलं ते परत घरी न्यायला!

सर उठले आणि मायपुढं येऊन उभे राहिले. "मावशी, तुम्ही चलता का? प्राचार्यांना मी सांगतो."

"मी? कामाला?"

"काम नाही. मुलींबरोबर नुसतं राहायचं. हिंडायचं."

मायनं बाच्या तोंडाकडं बघितलं. "घरी शेळ्या हायत. आन् माझ्याकडं काय बी न्हाई, अंगावरच्या लुगड्यावर आलेय मी."

बा म्हणाला, "शेळ्या मी बगतो. जा की."

आढेवेढे घेत माय गाडीत चढली. रस्ताभर माझी सॅक मांडीवर दे म्हणून भांडली, मी दिली नाही. डोंगराच्या पायथ्याशी उतरलो, मायच्या वाटचं पाणी सरांनी आपल्या पाठीवर घेतलं आणि वीस मुली ओझी पाठीवर घेऊन चालायला लागल्या. त्यांच्यापुढं माय, मोकळी. डोक्यावर मोळी नाही, काखेत पोर नाही, हातात कोयता नाही. थोडं चालली की तिचे हात उगाच डोक्याकडं जायचे आणि पुन्हा खाली यायचे. त्यांचं काय करावं हे तिला कळतच नव्हतं. शेवटी तिनं ते पाठीमागं एकात एक गुंफले, उसाच्या फडात मुकादम चालतो तसे, आणि डोंगर चढायला लागली.