मांडीवरची गिटार

भेस्तानला आमच्या शेजारच्या मावशी पांडेसऱ्याच्या मिलमध्ये साड्यांच्या घड्या घालतात आणि सुट्टीला मांडीवर आडवी गिटार घेऊन तारांवरून लोखंडी कांडी फिरवतात. बोलतात मोजकं, तेही समोरच्याच्या डोळ्यांत बघून.

भीमगीतांच्या रेकॉर्डिंगला मी त्यांच्यासोबत गेलो होतो. रेकॉर्डिस्ट म्हणाला, "मावशी, कांडी घासल्याचा आवाज येतो. गिटार कॉम्प्युटरवर करू. तुम्ही कोरसमध्ये गा."

मावशींनी गिटारची वायर त्याच्या मशीनमधून काढून सोबत आणलेल्या आपल्या जुन्या ॲम्प्लिफायरला लावली आणि माइक ॲम्प्लिफायरपुढे ओढला.

"माझा हात आहे, ऐकू येणारच. लाव रेकॉर्डिंग."

सूर सरकत सरकत असा चढला की कोरसवाल्या पोरी गाणं विसरल्या. रेकॉर्डिस्टनं हळूच विचारलं, "आणखी एकदा घ्यायचं?"

"कशाला? हेच ठेव."

त्यानं तेच ठेवलं.