मोठ्या कॅमेऱ्यात न आलेलं

शनिवारी संध्याकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी आमच्या घरात नवा कॅमेरा आला. वेळ पक्की सांगता येते, कारण माझे दीर तो घेऊन उंबऱ्यात उभे होते आणि सासूबाई भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवून म्हणत होत्या, "शनिवार, दिवेलागनीची येळ, अन् तू लोखंड घरात आनून राहिला?"

"आई, हे लोखंड नाई. मॅग्नेशियम हाय."

"मंग तं बिलकूल नको आनू."

आणला तरी. आमचं अमरावतीला फोटोचं काम आहे. लग्न, बारसं, वास्तू, जे येईल ते. हे आणि भाऊजी मिळून करतात, आणि बायकांच्या कार्यक्रमांना मी जाते. माझ्याकडे आमच्या लग्नाच्या वर्षी घेतलेला खिशात मावणारा साधा कॅमेरा आहे. त्याला घरात सगळे डब्बा म्हणतात. भाऊजींनी अकोल्याहून आणला तो मिररलेस, नव्या पद्धतीचा मोठा, महागाचा कॅमेरा.

फोटोवाल्यांच्या घरात किस्से धुळीसारखे जमतात. आज पुसले तरी उद्या बोट फिरवलं की निघतातच. आमच्याकडे या दोन कॅमेऱ्यांचे जमले. त्यातला शेवटचा माझ्या मुलीच्या डोळ्याचा आहे, आणि मला खरा तोच सांगायचा आहे. पण नुसता तोच सांगितला की लोक म्हणतात, हिला घाबरायची सवयच आहे. म्हणून आधीचे ऐका.

*

मिररलेस माणसाचा चेहरा आपणहून शोधतो. स्क्रीनवर एक बारीक चौकोन येतो आणि डोळ्यावर जाऊन बसतो. माणूस हलला की चौकोन हलतो.

अकोल्याला एका बारशात बाळ, बाळाची आई, आजी, आत्या अशा सगळ्या पाळण्यापाशी उभ्या होत्या. भाऊजींनी कॅमेरा लावला. चौकोन कोणावरच बसेना. सगळ्यांना सोडून तो वर गेला आणि भिंतीवरच्या हार घातलेल्या आजोबांच्या फोटोवर बसला. भाऊजींनी खाली आणला, तो परत वर. फोटोतही चेहरा असतोच, म्हणून असं होतं, हे मला नंतर कळलं.

बाळाच्या आजीनं स्क्रीनमध्ये डोकावून पाहिलं. "काय पाहून राहिला थो?"

भाऊजींनी खरं ते सांगितलं.

आजी पाळण्याची दोरी सोडून सरळ झाल्या, डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाल्या, "पाहू द्या. जिवंत होते तवा कोन्या कार्यक्रमाले टायमावर आले नाई."

*

अंजनगाव सुर्जीला एका म्हाताऱ्या बुवांनी स्वतःचा फोटो काढायला बोलावलं होतं. आपल्या माघारी भिंतीवर लावायचा फोटो आपणच पसंत करायचा, असा त्यांचा हट्ट. पोरं म्हणे आधारकार्डावरचा मोठा करून लावतील.

भाऊजींनी मिररलेसनं काढला. त्याचा आवाज बंद केला की तो अजिबात वाजत नाही. बुवा श्वास धरून बसलेले.

"काढला काय?"

"काढला, बाबा."

"मले ऐकू नाई आला. अशानं कसा निंगन?"

मग मी डब्ब्यानं काढला. खट्ट वाजलं, फ्लॅश पडला, बुवांचं समाधान झालं. दोन्ही फोटो त्यांना दाखवले. मिररलेसमध्ये दाढीचा केस न् केस मोजावा इतका साफ. डब्ब्यातला थोडा हललेला, चेहरा पांढुरका, मागे अंधार.

बुवांनी दोन्ही बराच वेळ पाहिले आणि डब्ब्यातल्यावर बोट ठेवलं. "हा करा. थ्या मोठ्या कॅमेऱ्यात मी जिताच दिसतो. याच्यात गेलेला वाटतो."

*

अकोल्याच्या जुन्या शहरात, खाली गाद्या भरायचं दुकान आणि वरती घर, अशा ठिकाणी हळदीकुंकू होतं. हवेत कापसाचे तंतू. डब्ब्याचा फ्लॅश भिंगाला चिकटूनच असतो, त्यामुळे समोरचा कण न् कण त्यात उजळतो. माझ्या सगळ्या फोटोंत पांढरे गोळे आले. बायकांच्या डोक्यावर, खांद्यावर, पानसुपारीच्या ताटावर. भाऊजींच्या फोटोंत एकही नाही.

मला लाजच वाटली. मी फक्त भाऊजींचे फोटो दिले.

चार दिवसांनी त्या घरच्या काकू अमरावतीला आल्या. "तुह्या त्या लहान कॅमेऱ्यात काय काय आलं होतं, मले दाखव बरं."

मी भीतभीत दाखवले. काकू एका फोटोवर थांबल्या. त्यात त्या एकट्या बसल्या होत्या आणि त्यांच्या डाव्या खांद्याला लागून एक मोठा गोळा होता.

मी म्हणाले, "काकू, ते कापसाचं आहे."

"असन." त्यांनी तो फोटो मोठा करून मागितला. जाताना जिन्यात थांबून म्हणाल्या, "डावीकडंच बसत जाय माहा मालक. त्या महाग कॅमेऱ्यात आलाच नाई तो."

*

आमच्याच घरातलं. संध्याकाळी लाइट गेली. स्वरा, माझी मुलगी, तेव्हा रांगायला लागली होती आणि अंधारात कुठे गेली ते दिसेना. भाऊजी म्हणाले, "वैनी, थांबा, याच्यातून दिसते." मिररलेसची स्क्रीन लावली आणि खोली उजळली. डोळ्यांना काळंकुट्ट, पण स्क्रीनवर पलंग, कपाट, सगळं दिसत होतं.

स्वरा पलंगाखाली होती. आणि कपाटाच्या कोपऱ्यात कोणीतरी उभं होतं, केस मोकळे सोडून, आमच्याकडे तोंड करून.

भाऊजींच्या हातातला कॅमेरा खाली आला. खोलीत परत काळोख.

"कोन हाय?" ते म्हणाले.

"मी हाय. येनी घालून राहिली. अंधारात का माह्या डोक्याले लाइट लागते?" सासूबाई म्हणाल्या.

*

तिवस्याला एका लग्नाचं सगळं आटोपलं होतं. दुपारची वेळ, पाव्हणे गेलेले, हॉल रिकामा. स्टेजवर नवरानवरीचा सोफा तेवढा राहिला होता. भाऊजी भिंग बदलून तपासत होते.

"वैनी, इकडं या."

स्क्रीनवर सोफ्याच्या मधोमध चौकोन बसला होता. सोफ्यावर कोणी नाही, मागे फोटो नाही, कापडावर चित्र नाही. मी डब्ब्यातून पाहिलं. नुसता सोफा. परत भाऊजींच्या स्क्रीनवर पाहिलं तर चौकोन उठला होता. स्टेजच्या पायरीवर आला, एक पायरी उतरला, मग दुसरी.

भाऊजींनी झाकण लावलं. मी सोबत आणलेल्या स्वराला उचललं. दोघांनी सामान गाडीत टाकलं.

त्या हॉलची ऑर्डर भाऊजी आता घेत नाहीत. ह्यांनी काहून म्हणून विचारलं तर म्हणतात, "तिथं पार्किंगची सोय नाई."

*

आता स्वराचा.

तिचा पहिला वाढदिवस घरातच केला. सासरे शेतावर होते. घरात आम्ही चौघं आणि स्वरा. भाऊजींनी दुपारी खिडकीपाशी तिचे मिररलेसनं इतके गोड फोटो काढले की मी त्यातला एक मोबाइलवर लावला. संध्याकाळी औक्षण झालं, केक झाला.

दुसऱ्या दिवशी डब्बा हातात घेतला तर त्यात शेवटी एक फोटो होता, औक्षणाच्या वेळचा. डब्ब्यात माणसांचे डोळे लाल येतात, कारण फ्लॅशचा उजेड सरळ डोळ्यात जाऊन परत येतो. स्वराचा उजवा डोळा लाल होता. डावा पांढरा. गोठ्यात अंधारात मांजर वळून बघते आणि तिचा डोळा चमकतो, तसा पांढरा.

मी तो डोळा मोठा करून सगळ्यांना दाखवला.

हे म्हणाले, "भिंग खराब झालं असन."

भाऊजी म्हणाले, "वैनी, त्या डब्ब्यावर भरोसा ठेवता? माह्या कॅमेऱ्यात पाहा. पापनी न् पापनी दिसते. डोळा एकदम क्लिअर हाय." दिसत होताच. त्यांचा फ्लॅश छताकडे वळवलेला असतो, उजेड सरळ डोळ्यात जातच नाही.

सासूबाईंनी मीठ-मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या.

मी शेजारच्या ताईंच्या पोराला बोलावलं आणि डब्ब्यानं त्याचा फोटो काढला. दोन्ही डोळे लाल. लगेच त्याच जागी स्वराला बसवून काढला. एक लाल, एक पांढरा. पुन्हा काढला. पुन्हा तसाच.

"आता गप्प बसशीन का?" हे म्हणाले. ते रागावले नव्हते. त्यांनाही भीती वाटत होती, म्हणून मी गप्प बसावं असं त्यांना वाटत होतं.

"नाही," मी म्हणाले.

सासूबाई चुलीपासून उठल्या. "चाल. मी येते तुह्यासंगं."

डोळ्यांच्या डॉक्टरबाईंसमोर मी मुलीच्या आधी कॅमेराच ठेवला. मला वाटलं होतं त्या हसतील. त्या हसल्या नाहीत. उठून खोलीतला लाइट बंद केला, स्वराच्या डोळ्यात बारीक उजेड टाकून पाहिलं. मग थेंब टाकले, बसवून ठेवलं, परत पाहिलं. खूप वेळ पाहिलं.

"डोळ्याच्या आत गाठ आहे," त्या म्हणाल्या. "लहान आहे अजून. मोठ्या दवाखान्यात आजच फोन करते. बरं झालं आत्ताच आलात."

सासूबाईंनी माझा दंड धरला होता, त्याचे वळ दोन दिवस होते.

डॉक्टरबाईंनी डब्बा परत हातात घेतला आणि तो पहिला फोटो उघडला. मी तो नेहमी मोठा करून फक्त डोळाच पाहत आले होते. त्यांनी तो लहान केला, पूर्ण.

"कोणी काढला हा?"

"ह्यांनी," मी म्हणाले. मग स्क्रीनकडे पाहिलं. हे फोटोत होते, माझ्या उजवीकडे, केकवरची मेणबत्ती हातानं झाकत.

"मग दिरांनी असेल," मी म्हणाले. भाऊजीही होते, गळ्यात मिररलेस लटकवून, खाली केककडे बघत. सासूबाई ताट घेऊन. मी स्वराला कडेवर घेऊन. आम्ही चौघंही केककडे पाहत होतो. कॅमेऱ्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

फक्त स्वरा सरळ कॅमेऱ्यात बघत होती आणि हसत होती, रोजच्या ओळखीच्या माणसाकडे बघून हसते तशी.

घरी आल्यावर ह्यांनी तो फोटो पाहिला. "टायमर लावला असन."

"कोनं?" भाऊजी म्हणाले.

सासूबाईंनी उठून देवापाशी दिवा लावला.

मोठ्या दवाखान्यात उपचार झाले, स्वराचा डोळा वाचला. त्या डोळ्यानं तिला कमी दिसतं, पण दिसतं. तपासण्या अजून चालू आहेत.

तुमच्या घरी लहान लेकरू असेल आणि फ्लॅशच्या फोटोत त्याचा एक डोळा पांढरा आला, एकदाच जरी आला, तरी कॅमेऱ्याला नाव ठेवू नका. बरेचदा काही नसतं. तरी डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवा, फोटो सोबत न्या. आणि एवढं तुमच्या बहिणीला, जावेला, शेजारणीला सांगा. त्यांना म्हणा, पुढे तुम्हीही सांगा.