पाच किलो आणि कालवणाचं मीठ

गुडघे धरले म्हणून आमच्या पनवेलच्याच डॉक्टरांनी पाच किलो कमी करायला सांगितलं, आणि दर आठवड्याला पोटात टोचायचं इंजेक्शन लिहून दिलं. वजन उतरलं हो, पण अन्नावरची वासनाच उडाली. परवा करंजा बंदरावरच्या कोळणीने ताजा जिताडा आणला. माशाच्या वासानेच मला मळमळायला लागलं, तरी कालवण मीच केलं, चव न घेता. पहिल्याच घासाला आमचे हे म्हणाले, "अगं, अख्खा समुद्रच वाढलास की!" नातवंडं खिदळली. सून हसली नाही. तिने हलकेच माझ्या हातातला डाव काढून घेतला. "आई, तुम्ही बसा. उद्यापासून मी बघते."

चाळीस वर्षं या घराला मी जेवू घातलं. आता येणारे-जाणारे म्हणतात, "किती छान बारीक झालात!" मी आपली बसून ऐकते.