अक्काकडे जायची वाट

जुन्या नाशकात दगडूनानांना रस्त्यानं चालताना कुणी पाहिलं नाही. ते लोकांच्या घरांतून चालत. पुढच्या दारानं आत, मागच्या दारानं पलीकडच्या बोळात. वाटेतल्या प्रत्येक स्वयंपाकघरात आमटी चाखून, "वहिनी, गूळ कमी पडला," असा शेरा मारत. गोदेवर पोचेपर्यंत त्यांचं पोट भरलेलं असे. कुत्रीसुद्धा उठून वाट देत.

"रस्ते गाड्यांसाठी असतात हो. माणसाला दार पुरतं," ते म्हणत.

पुढे गाव गंगापूर रोडकडे फुगत गेलं. द्राक्षबागा मोडून प्लॉट पडले. नानांनी आणि त्यांच्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं, पाठीला पाठ लावून घरं बांधली आणि जुन्या सवयीनं मागची दारं समोरासमोर बसवली. प्लॉट मात्र दोन वेगळ्या सोसायट्यांतले! अक्काच्या सोसायटीनं मध्ये पुरुषभर उंच भिंत घातली, वर काचा खोवल्या. आता अक्काकडे जायचं तर हमरस्त्यावर या, पुढचा फाटा गाठा, मग तिच्या कॉलनीत शिरा. एका खेपेत नवी कोरी चप्पल झिजे. मी मुळीच वाढवून सांगत नाही.

नाना तिथल्या अध्यक्षांकडे गेले. "एक छोटं दार ठेवा."

"आज तुम्ही याल, उद्या अख्खी कॉलनी येईल."

"येऊ द्या की! माणसंच आहेत, टोळधाड नाही!"

दार झालं नाही. नाना स्टुलावर चढून ओरडत, "अक्का, आज काय केलंस?"

"पिठलं. वास येतोय ना? तेवढ्यावर भागव!"

मग अक्काचे गुडघे गेले, नानांना स्टूल झेपेना. दोघं भिंतीच्या दोन बाजूंना खुर्च्या टाकून, न दिसणाऱ्या माणसाशी भांडत बसत.

नानांनी अंथरूण धरलं तेव्हा खाट मागच्या दारात ओढायला लावली. एका सकाळी त्यांची घरघर वाढली. मुलानं भिंतीवरून अक्काला सांगितलं आणि रिक्षा धाडली. अक्काला घेऊन येताना रिक्षावाला चुकला. ज्या गल्लीत शिरावं ती कुणाच्या तरी फाटकाशी संपे. पुन्हा मागे, पुन्हा हमरस्ता. "आजी, यापेक्षा वणी गाठणं सोपं," तो वैतागून म्हणाला म्हणे.

इकडे नाना भिंतीकडे तोंड करून "अक्का, अक्का" म्हणत राहिले. पलीकडे रिकामी खुर्ची.

अक्का पोचली तेव्हा नाना गेले होते. ती रडली नाही. खाटेशेजारी बसून भिंतीकडे बघत म्हणाली, "उगाच निघाले रे दगडू. तिथंच बसले असते तर ओ तरी दिली असती."