हरिदास गुरुजींचा अख्खा व्हिडिओ

हरिदास गुरुजींनी द्वारकेत फ्लॅट घेतला, आणि तोही यूट्यूबच्या डॉलरमध्ये, ही बातमी आमच्या घरी अरुणामावशींनी आणली. अरुणामावशी सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतात आणि त्यांचं प्रत्येक मराठी वाक्य 'अच्छा सुनो'ने सुरू होतं. अच्छा सुनो, गुरुजी आता कशाला येतील आपल्यासारख्यांकडे, घरबसल्या कमाई आहे यार त्यांची. हे मी तिथल्या तिथे त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवलं, खांद्यावरची ओढणी सावरण्यासकट, तेव्हा त्याही हसल्या. बातमी मात्र त्यांनी पुढच्या घरी नेलीच.

फ्लॅट वगैरे काही नव्हता. करोल बागेच्या बाजारामागे भाड्याच्या दोन खोल्या होत्या. डॉलरही नव्हते, कारण व्हिडिओवर जाहिराती येऊ शकतात हे मी सांगितल्यावर गुरुजी घाबरले होते. प्राणप्रतिष्ठा चालू असताना मधेच बनियन येणार का, असं त्यांनी विचारलं. येऊ शकतं, म्हटलं. मग नको, म्हणाले. आणि ते लोकांकडे जात नव्हते, कारण लोकच बोलावत नव्हते.

व्हिडिओ मात्र खरा होता. तो मी काढला होता.

गुरुजी दिल्लीत आले ते माझ्या जन्माच्या बऱ्याच आधी, नव्या परदेशी कंपन्या फरीदाबाद-गुडगावकडे कारखाने टाकत होत्या त्या दिवसांत. पुण्या-नाशकाचे इंजिनिअर बदलून येत होते, त्यांना सत्यनारायण सांगायला मराठी गुरुजी हवे होते. तेव्हा ही सगळी मंडळी करोल बागेच्या आसपास राहायची. चतुर्थीच्या सकाळी गुरुजी एका जिन्याने चढायचे, दुसऱ्याने उतरायचे, की झाले सगळे गणपती. मग बँका कर्ज द्यायला लागल्या आणि मराठी दिल्ली फुटली. कुणी नोएडा, कुणी इंदिरापुरम, कुणी गुडगावच्या पार टोकाला, आम्ही फरीदाबादला. गुरुजी एकटेच आणि चतुर्थीची सकाळही एकच. व्हिडिओच्या आदल्या वर्षी ते इंदिरापुरमला पोचले तेव्हा दुपार टळून गेली होती आणि त्या घरातल्या मुलांनी नैवेद्याचे मोदक खाऊन टाकले होते. यजमानांनी नमस्कार आतूनच केला. गेटपर्यंत सोडायलाही आले नाहीत.

बोलावणी कमी होत गेली. दहा दिवसांच्या गणपतीवर त्यांचं वर्ष चालायचं. सांगलीला गुरुजींचे धाकटे भाऊ अंबादास हॉस्टेलची मेस चालवतात. त्यांनी निरोप पाठवला, दादा, या गणपतीला जमलं तर ठीक, नाहीतर इकडे या, मेसवर लक्ष ठेवायला घरचं माणूस हवंच आहे. गुरुजींच्या बायकोने, प्रभाकाकूंनी, हे माझ्या आईला सांगितलं आणि मग बराच वेळ पदराला हात पुसत राहिल्या. हात कोरडेच होते. त्या म्हणाल्या, दिराच्या मेसमध्ये पोळ्या मोजायला जाण्यापेक्षा मी इथे कुणाच्या घरी लाटेन.

तेव्हा मी उडी मारली. मी अकरावीत होते आणि छोट्या दुकानांनी व्हिडिओ टाकून गिऱ्हाईक कसं ओढायचं यावर आमच्या शाळेत एक बाई भाषण देऊन गेल्या होत्या. त्यांचा आवाजही मला येतो, नाकातून आहे. फर्स्ट टेन सेकंड्स, बच्चों, फर्स्ट टेन सेकंड्स. मी गुरुजींना म्हटलं, दोन मिनिटांचा व्हिडिओ करू. तुम्ही नाव सांगा, थोडी पूजा दाखवा, शेवटी फोन नंबर. लोक म्हणतील वा, आणि बोलावतील. पोचायची भानगडच नको, लांबच्यांना व्हिडिओ कॉलवर सांगा, वेळा वाटून द्या.

गुरुजी आमच्या घरी आले. आईचा फोन मिसळणाच्या डब्याला टेकवून उभा केला. जुलै महिना, मूर्ती कुठून असणार, तर तांदळावर सुपारी ठेवली. गुरुजींनी आचमन केलं, हातात पाणी घेतलं, संकल्प सोडला आणि सुरू झाले.

इथे त्यांच्या सुराबद्दल सांगायला हवं, कारण मी तो सूर वर्षानुवर्षं चोरत आले होते. गुरुजी मंत्र आणि सूचना एकाच चालीत म्हणतात. पुष्पं समर्पयामि, अहो ती वाटी सरकवा, धूपमाघ्रापयामि, पंखा बंद करा, दीपं दर्शयामि, पेटला का, हं. आणि थांबतात. यजमानाला फूल सापडेपर्यंत, काडी पेटेपर्यंत, ते खरोखर थांबतात, समोर बघत. आमच्या घरच्या प्रत्येक पार्टीत हा माझा हुकमी आयटम होता. गुरुजींसमोरही केला होता. त्यांनी शांतपणे ऐकून 'समर्पयामि'तला र नीट म्हणायला लावला.

दोन मिनिटं झाली. मी हाताने कात्री दाखवली. गुरुजींनी मला नजरेनेच बसायला सांगितलं. दूर्वा आल्या, नैवेद्य आला, आई धावत जाऊन गुळाचा खडा घेऊन आली. आरती झाली, मंत्रपुष्प झालं. फोन तापला होता. मी म्हटलं, गुरुजी, सॅम्पल हवं होतं.

"संकल्प सोडल्यावर मधेच उठत नाहीत. सुपारीचा असला तरी बसला की बसला."

मग निदान कापते, म्हटलं. तर म्हणाले, अर्धी पूजा दाखवायची आणि बघणारा अर्ध्यावर बसून राहिला तर? अख्खा टाक. मी अख्खा यूट्यूबवर टाकला, त्यांच्या फोनवर घेऊन तिथूनच, सगळे थांबे, सगळे 'हं' जसेच्या तसे. शेवटी नंबर टाकला आणि आम्ही फोनकडे बघत बसलो.

व्हिडिओ चालला. चालला म्हणजे धावला. त्या वर्षी फोनवरचा डेटा भाजीपेक्षा स्वस्त झाला होता. मराठी मंडळाच्या ग्रुपवर, ऑफिसांच्या ग्रुपवर, कुठल्या कुठल्या सोसायट्यांत तो गेला. लोकांना त्यातलं काय आवडलं असेल? ते थांबणं. आपण फूल शोधेपर्यंत गुरुजी पडद्यातही थांबतात, 'सापडलं? हं' म्हणतात आणि मगच पुढे जातात. इतर व्हिडिओंमधले पंडित ट्रेन पकडायची असल्यासारखे म्हणत सुटायचे. गुरुजींचा व्हिडिओ लावला की गुरुजी घरी आल्यासारखंच होतं. म्हणून गुरुजींना घरी बोलवायची गरजच उरली नाही.

फोन यायला लागले. पहिल्या फोनला प्रभाकाकूंनी डायरी आणि पेन काढून ठेवलं. फोन गुडगावच्या एका जुन्या यजमानांचा होता. बिल्कुल परफेक्ट व्हिडिओ आहे गुरुजी, आता तुम्हाला इतक्या लांब यायचा त्रास नको. दुसरा नोएडाचा. दूर्वा मिळत नाहीत इथे, लॉनवरचं गवत चालेल का? गुरुजी म्हणाले, बघून घ्या, तीन पात्यांचं असेल तर चालेल, आणि लॉनवर कुत्री फिरत असतील तर धुऊन घ्या. तिसरा, चौथा, सगळे शंकांचे. काकूंनी डायरी मिटली. गुरुजी प्रत्येकाला उत्तर देत होते आणि काकू प्रत्येक उत्तरागणिक ट्रंकेत एक एक भांडं ठेवत होत्या, मुद्दाम आवाज करत. वर अरुणामावशींची ती फ्लॅटची बातमी. त्यामुळे न बोलावणाऱ्यांना वाईट वाटायचंही कारण उरलं नाही.

एकच बोलावणं होतं, आमचं.

युक्ती मला सुचली. व्हिडिओ चतुर्थीच्या सकाळी यूट्यूबवरून काढून टाकायचा. आधी काढला तर लोक दुसऱ्या कुणाचा शोधतील. ऐन वेळी, मूर्ती पाटावर, घरातले आंघोळी करून बसलेले, आणि व्हिडिओ गायब. मग करतील काय? नंबर तर सगळ्यांकडे आहे. गुरुजी आमच्या घरी बसून व्हिडिओ कॉलवर एकामागून एक पूजा सांगतील, रीतसर, ठरवून. काकूंनी हे ऐकलं आणि कित्येक दिवसांनी ट्रंकेचं झाकण लावलं. गुरुजींनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी देवाच्या पुढ्यातून चप्पल घालून गेले.

"माझ्याच्यानं नाही होणार गं ते, अवनी."

"होईल. एक बटण आहे. पैज."

पैज अशी लागली. गुरुजींनी व्हिडिओ काढून टाकला तर मंडळाच्या कार्यक्रमात मी त्यांची नक्कल करताना त्यांनी शेजारी बसून फुलं द्यायची. नाही काढला तर मी त्यांचा आवाज काढायचा नाही, ते स्वतः सांगेपर्यंत. काकू म्हणाल्या, हरा हो तुम्ही, एकदा तरी हरा.

चतुर्थीला दोघं पहिल्या मेट्रोने आले. आमच्या मूर्तीवर अजून रुमाल होता. गुरुजी सोवळं नेसून बसले, मी त्यांच्या हातात त्यांचाच फोन दिला, डिलीटचं बटण उघडून. त्यांनी चष्मा पुसला. अंगठा वर नेला. काकू त्यांच्या मागे उभ्या होत्या, दोन्ही हात गळ्यातल्या मंगळसूत्रावर. आईने कुकरखालचा गॅस बंद केला, शिट्टी मधे येऊ नये म्हणून.

तेवढ्यात फोन वाजला. राजेंद्र नगरहून समर्थ नावाचा मुलगा बोलत होता, परभणीचा, यूपीएससीची तयारी करणारा. घराबाहेरचा पहिला गणपती, खोलीतले सगळे मित्र बसले होते, कुणालाच काही येत नव्हतं. तो कुजबुजत होता, देवासमोर मोठ्याने बोलायला भीत असल्यासारखा. गुरुजी, व्हिडिओ थांबवून फोन करतोय. आचमन झालंय, पाणी हातात आहे. संकल्पात गाव कुठलं म्हणायचं, परभणी की दिल्ली?

"जिथे बसलास ते. दिल्ली म्हण. आणि पाणी सांडू नकोस, मी आहे."

फोन ठेवला. बटण पुन्हा पडद्यावर आलं. काकू म्हणाल्या, आता. गुरुजींनी अंगठा तसाच धरून ठेवला. मग विचारलं, आता म्हणजे कधी? हा पोरगा उठेपर्यंत थांबतो, म्हणाले. मग हिशेब त्यांच्याच लक्षात आला. हा उठेल तोवर गुडगावचे बसलेले असतील. ते उठतील तोवर नोएडाचे. कुणाची प्राणप्रतिष्ठा चालू असेल, मूर्तीच्या छातीला दूर्वा लावून कुणी थांबलं असेल, आणि समोरचा पडदा काळा.

"मीच त्यांना बसवलंय. मी मधेच उठू कसा?"

काकूंनी मंगळसूत्रावरचे हात सोडले. गुरुजींनी फोन पालथा ठेवला आणि आमच्या मूर्तीवरचा रुमाल काढला. आमची पूजा नेहमीसारखी झाली. फक्त पंखा बंद करा म्हणताना त्यांचा आवाज फाटला, आणि ते थांबले, तेव्हा कुणी काही शोधत नव्हतं.

फोन दिवसभर वाजत राहिला, सगळे शंकांचे. एकानेही विचारलं नाही की गुरुजी, तुम्ही कुठे आहात. दुपारी पान वाढताना काकूंनी त्यांच्या पानात मोदक ठेवला आणि म्हणाल्या, मेसमध्ये तुम्ही वाढायलाच उभे राहा, शेवटचं पोरगं उठेपर्यंत हलणार नाही तुम्ही. आई हसली. काकू हसल्या नाहीत. संध्याकाळी गुरुजींनी आमच्या बाल्कनीतून अंबादासकाकांना फोन केला. मी आतून ऐकत होते. येतो, इतकंच म्हणाले. काय काय आणू, असं विचारलं, आणि उत्तर बराच वेळ ऐकत राहिले.

अनंत चतुर्दशीनंतर आम्ही त्यांना निजामुद्दीन स्टेशनवर सोडायला गेलो. दोन ट्रंका, एक पोतं, पाटावर बांधलेली समई. काकू कुणाकडेच बघत नव्हत्या. हमालाने ट्रंक उचलली तसे गुरुजी त्याला हिंदीत सांगायला लागले, त्याच चालीत, भैया इसको सीधा रखिये, बाजू में समई है, हाथ लगा क्या, हं. आणि थांबले. तो ट्रंक डोक्यावर नीट बसवेपर्यंत थांबले. गाडीची शिट्टी झाली तरी थांबले.

काकूंनी माझ्याकडे बघितलं. तेव्हाच, पहिल्यांदा. त्यांना माझी नक्कल ऐकायची होती, मला कळलं. ते 'हं'च्या पुढचं वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं, र सकट. मी गुरुजींकडे पाहिलं, ते स्वतः 'कर' म्हणतात का म्हणून. ते हमालाला रस्ता दाखवत होते. पैज मी हरले होते. वाक्य गिळलं, आणि समईचा पाट उचलून त्यांच्यामागून डब्यापर्यंत गेले.